लेणी पाहिली, गाव राहिलं

मुंबई फिरून आलेल्या मित्राला विचारून बघा, "एलिफंटाला गेला होता का?" तो लगेच मोबाईल काढून फोटो दाखवेल. मग विचारा, "तिथल्या गावांची नावं सांग." शंभरातले नव्वद जण उलट आपल्यालाच विचारतील, "तिथं गाव पण आहे का भो?"

आहे ना! एक नाही, तीन वस्त्या आहेत. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येणारं हे बेट म्हणजे घारापुरी. समुद्रातून वर आलेले दोन डोंगर, एका डोंगराच्या अंगात कोरलेली लेणी आणि पायथ्याशी घरं. हजाराच्या आसपास माणसं तिथं राहतात. मासेमारी, थोडी शेती आणि लेण्यांच्या पायऱ्यांवरची दुकानं यावर त्यांचं घर चालतं.

इतिहास तर विचारूच नका. मुख्य लेणं सहाव्या शतकातलं. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली, म्हणून बरेच अभ्यासक ते त्याच्या काळातलं मानतात. आतली सदाशिवाची त्रिमुख मूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. दुसऱ्या डोंगरावर विटांचा स्तूप आहे, तो त्याहूनही जुना. पोर्तुगीज आले, त्यांनी राजबंदराजवळचा दगडी हत्ती पाहिला आणि बेटाला 'एलिफंटा' म्हणायला लागले. तो हत्ती 1864 मध्ये उचलून नेताना मोडला. तुकडे जोडून उभा केलेला तोच हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. हत्ती गेला, पोर्तुगीज गेले, इंग्रजही गेले. घारापुरी हे नाव मात्र टिकलं, कारण ते बोलणारी माणसं तिथंच राहिली.

आता मुद्द्याचं बोलू. युनेस्कोने ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत घेतली 1987 मध्ये. गावात कायमची वीज आली फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. मधे गेली तब्बल 31 वर्षं! तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास उजेड, मग अंधार. समोर मुंबई रात्रभर लखलखतेय आणि इकडे पोरं कंदिलात अभ्यास करतायत. दोंडाईच्यात उन्हाळ्यात तासभर लाईट गेली तरी आपला जीव वरखाली होतो. माझ्या वयाच्या तिथल्या मुलांचं जवळजवळ सगळं बालपण असं गेलं.

मला वाटतं, हा फक्त वीज कंपनीचा किंवा सरकारचा प्रश्न नव्हता. दगड जपायचा म्हटलं की आपण चटकन जागे होतो. त्या दगडाशेजारी राहणाऱ्या माणसाची आठवण उशिरा येते. आजही पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या बोटीने परतावं लागतं. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटींचा भरवसा नाही. म्हणजे गावाची कमाई उरलेल्या दिवसांतल्या मोजक्या तासांवर.

तुम्ही म्हणाल, नियम नसते तर तिथं हॉटेलांची रांग लागली असती. बरोबर आहे. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी, हा कायदा हवाच. पण कायद्याचा भार ज्यांच्यावर पडतो, त्यांना फायद्यातही पहिला वाटा नको का? तिकिटाच्या पैशातून गावाला किती मिळतं, गाईडच्या कामात गावातली किती मुलं आहेत, हे प्रश्न आपण तिकीट काढणाऱ्यांनीच विचारायला हवेत.

आणि हे फक्त मुंबईपुरतं नाही बरं. आपल्या जवळचं साक्री तालुक्यातलं बळसाणे घ्या. तिथली प्राचीन मंदिरं बघायला आपण जातो, खांबाला टेकून फोटो काढतो आणि गाडीला किक मारतो. गावातल्या एखाद्या आजीला कधी विचारलंय, "आजी, तुमच्या लहानपणी इथं काय होतं?" पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी तिच्याकडे असतील.

म्हणून एवढंच करा. घारापुरीला जाल तेव्हा लेणी बघून झाल्यावर थेट बोट पकडू नका. तासभर काढून राजबंदरपर्यंत चालत जा. पाण्याची बाटली, जेवण तिथल्याच माणसाकडून घ्या, दोन शब्द बोला. त्यांच्या घरांचे फोटो काढण्याआधी विचारा. आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं, "तिथं गाव आहे का?" तर तिन्ही नावं सांगा.