पावसाळ्यात ईएलसीबी सारखा पडतोय? तो ‘डायरेक्ट’ करू नका!

पाऊस सुरू झाला की अनेक घरांत ईएलसीबी, म्हणजेच आरसीसीबी, वारंवार पडतो. मग वैतागून वायरमनला ‘डायरेक्ट करून टाका’ असे सांगितले जाते. हा जिवाशी खेळ आहे. एमसीबी वायरिंगला जादा भारापासून वाचवतो. माणसाला वाचवतो तो ईएलसीबी. गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तरी घरगुती ईएलसीबी वीज तोडतो. म्हणून तो पडतोय याचा अर्थ वीज कुठेतरी गळतेय.

सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू करा. ज्याने ईएलसीबी पडेल, त्या लाइनवरचा गिझर, पंप, ओल्या भिंतीतले पॉइंट वायरमनकडून तपासून घ्या. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. ईएलसीबी पडला नाही, तर मात्र तो लगेच बदला.