कर्ता गेला कुठे?

बारावीची परीक्षा जवळ आली, की आपल्या घराघरांतून इंग्रजीची उजळणी सुरू होते. वाक्याचे रूप बदला, अलंकार ओळखा, 'नो सूनर... दॅन' वापरून पुन्हा लिहा! मुले बिचारी गाइडमधली उत्तरे घोकतात. उपमेला 'सिमिली' म्हणतात हे त्यांना ठाऊक असते. परंतु बोलणाऱ्यावर विश्वास का ठेवावा आणि ते त्याच्या वाक्यावरून कसे पारखावे, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. माझी तक्रार या उजळणीविरुद्ध आहे आणि ती शिक्षकांपेक्षा आपणा पालकांविरुद्ध अधिक आहे.

परतूरला एका नातलगांकडे मुक्कामास होतो. त्यांच्या मुलीची व तिच्या दोन मैत्रिणींची उजळणी माझ्या गळ्यात पडली. वर्गाची काच फुटली आहे, मुख्याध्यापकांस पत्र लिहा, असे मी सांगितले. तिघींनीही लिहिले : 'द विंडो वॉज ब्रोकन.' व्याकरण निर्दोष! मी विचारले, "पण फोडली कोणी?" उत्तर आले, "काका, पॅसिव्हमध्ये ते लिहावे लागत नाही."

या उत्तराने मी दचकलो. मुलीचा दोष नव्हता, तिला तसेच शिकविले होते. कर्मणि प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस, असे समीकरण आपल्याकडे सर्रास शिकविले जाते आणि ते फसवे आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणि प्रयोग. क्रियापद आंब्याच्या मागून चालते. तरीही राम वाक्याच्या दारातच उभा आहे, आंबा कोणी खाल्ला याविषयी संशयास जागा नाही. याचे सरळ इंग्रजी करा, ते ॲक्टिव्ह व्हॉइसमध्येच होईल. उलट इंग्रजीतील पॅसिव्हमध्ये कर्त्याला मागच्या दाराने निघून जाता येते. ही सोय कधी उपयोगाची असते (चोर कोण हे माहीतच नसेल, तर दुसरे काय लिहिणार?) आणि कधी लबाडीची असते. उजळणीत शिकवावयाचे ते हे. गुण मात्र केवळ रूपांतराला मिळतात. अर्थात लबाडी ही काही इंग्रजीची मिरास नव्हे. 'चूक झाली' म्हणून हात झटकणारे आपल्या मराठी सभांतही पुष्कळ भेटतात.

मग पालकांचा दोष कोणता? इंग्रजी बोलतो तो खरे बोलतो, ही समजूत आपण घरात रुजविली. पाहुणे आले की लेकराला खुर्चीवर उभे करून इंग्रजी भाषण म्हणावयास लावतो. टाळ्या पडतात त्या उच्चारांना. तो काय म्हणाला, हे कोणी विचारीत नाही. परतूरच्या जुन्या पिढीने अशीच एक प्रतिष्ठेची भाषा पाहिली आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू ही मोठी गोड भाषा आहे. पण कचेरीची उर्दू कळली नाही म्हणून ज्याने मुकाट्याने अंगठा उठविला, त्याच्या नातवाने आज इंग्रजीपुढे तसेच मुके व्हावे काय? वक्त्याविषयीचा विश्वास त्याच्या भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, आधीच्या नावलौकिकावरून नव्हे, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. भाषेचा नावलौकिक तर त्याहून परका.

उत्तम इंग्रजी कसे असते ते पाहावयाचे असेल, तर मुलांना बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण वाचावयास द्यावे. घटनेचे श्रेय सारे सभागृह त्यांना देत होते. त्यांनी मात्र ते सर बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांची नावे घेऊन वाटून दिले. काम कोणी केले हे आधी स्पष्ट सांगितले, आणि देशाला धोक्याचे इशारे दिले ते त्यानंतर. अशा माणसाचा इशारा ऐकावासा वाटतो.

आणि आपल्या ख्रिस्तसभेला तर हे नवे नाही. संत ऑगस्टीन मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक होते. ३८६ साली त्यांनी ते पद सोडले. पुढे ख्रिस्ती शिकवणुकीवरील ग्रंथाच्या चौथ्या भागात त्यांनी वक्तृत्वाचा अव्हेर केला नाही, शैलीचे तीन प्रकारही समजावले. पण वक्त्याच्या भाषेच्या थाटापेक्षा त्याच्या आचरणाचे वजन अधिक, असे लिहिले. मिस्साच्या आरंभीची पापकबुली पाहा. सारी मंडळी एका सुरात म्हणते, तरी ती प्रथमपुरुषी एकवचनात आहे. तेथे कोणालाही पॅसिव्हमध्ये दडता येत नाही.

परतूरच्या त्या तिघींपैकी एकीने दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा लिहून आणले. या वेळी वाक्य 'मी' पासून सुरू होत होते आणि क्रियापदाचा काळ चुकला होता. परीक्षेत त्याला अर्धा गुण कमीच मिळाला असता. मला ते पत्र आदल्या दिवशीच्या तिन्ही पत्रांहून सरस वाटले, आणि तिच्या वडिलांना तसे सांगताच ते म्हणाले, "पण मार्कांचे काय?"

मार्कांचा प्रश्न खोटा नाही, रूपांतरे घोकावीच लागतील. परंतु धर्मग्रामाच्या वक्तृत्व स्पर्धा तर आपल्याच हातात आहेत ना? तेथे उच्चार व हावभाव यांच्या गुणांतले काही काढून श्रोत्यांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी ठेवावेत, प्रश्न मराठीतही विचारू द्यावेत, आणि पहिला प्रश्न मागच्या बाकावर बसलेल्या आजीला विचारू द्यावा.