परागाचे वावडे आणि मोकळे मैदान

पावसाळा उतरणीस लागला म्हणजे वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाडच्या परिसरात कपाशीचे व सोयाबीनचे धुरे, पांदणीच्या कडा आणि पडीक जागा गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. याच दिवसांत काही मुलांना शिंकांमागून शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अंगास खाज सुटते. घरची माणसे सर्दी समजून त्यांचे खेळणे बंद करतात. हा उपाय योग्य आहे काय?

शिंका आणणारी प्रत्येक व्याधी सर्दी नव्हे. फुलांतील पराग श्वासाबरोबर नाकात गेले, की काही शरीरे त्यांना शत्रू मानून झुंजू लागतात. यालाच परागाचे वावडे म्हणतात. चार्ल्स ब्लॅकली या इंग्रज वैद्याला स्वतःलाच हा त्रास होता. स्वतःवर प्रयोग करून त्याने १८७३ साली हे कारण जगापुढे मांडले. हे वावडे एकापासून दुसऱ्यास जडत नाही.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. पुण्यातील त्याच्या आढळाची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली; पुढे ते देशभर पसरले. त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते.

मुलाला कोंडून ठेवल्याने शिंका कदाचित कमी होतील. परंतु धावण्याने मिळणारे बळ आणि सवंगड्यांचा सहवास त्यास घरात कोठून मिळणार? म्हणून मैदान सोडू नये, सावधगिरी बाळगावी. कोरडा वारा सुटला असता गवताळ जागी खेळू नये; पावसाची सर येऊन गेल्यावर हवा बरीच स्वच्छ असते, ती वेळ साधावी. नाकातोंडावर रुमाल बांधावा. घरी येताच हातपाय व डोळे धुवावेत, कपडे बदलावेत. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि धाप लागल्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

तथापि सारा भार रोग्यावरच टाकणे न्याय्य नव्हे. गाजरगवत फुलण्यापूर्वीच मुळासकट उपटले, तर त्याचे नवे बी पडत नाही. ज्यांना वावडे नाही अशा थोरामोठ्यांनी हातमोजे घालून हे काम करावे. एकाच्या अंगणातील गवत दुसऱ्याच्या मुलाचा श्वास अडविते. म्हणून ते उपटणे हा परोपकार नसून शेजारधर्म होय.