सही करण्याआधी एवढं विचारा

लिम्फोमा या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले, सगळं ठीक आहे असं वाटलं आणि मानेत पुन्हा गाठ लागली, की घर हादरतं. अशा वेळी डॉक्टर विचारतात, "लिम्फोमावर नव्या औषधांची चाचणी सुरू आहे. भाग घेणार का?" घाबरून लगेच नाही म्हणू नका. आशेपोटी घाईने सहीही करू नका.

झपाट्याने वाढणारा लिम्फोमा उलटला, की आधीची औषधं बहुधा पुरी पडत नाहीत. म्हणून केमोला नवं औषध जोडून पाहतात. 'स्टारग्लो' चाचणीत 274 रुग्ण होते. काहींना केमोसोबत ग्लोफिटामॅब हे नवं औषध दिलं, बाकीच्यांना त्याच केमोसोबत जुनं रिटुक्सिमॅब. नव्या गटातले निम्मे रुग्ण दोन वर्षांहून जास्त जगले. जुन्या गटात हा काळ साधारण वर्षभराचा होता. मात्र नव्या गटाला त्रासही जास्त झाला. दोन्ही बाजू ध्यानात ठेवा.

आधी विचारा, पुन्हा बायोप्सी करायची का? आजार तोच आहे, याची खात्री हवी.

मग विचारा, चाचणीत गेलो नाही तर दुसरा उपाय काय? स्टेम सेल प्रत्यारोपण जमेल का? रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून दिला जाणारा कार-टी उपचार? 2023 पासून भारतात बनलेला कार-टी उपचारही मिळतो. पण तो सगळ्यांनाच लागू होत नाही.

खर्चाचं स्पष्ट बोला. कोणतं औषध, कोणती तपासणी फुकट? गावाहून येण्याजाण्याचं भाडं मिळेल का?

संमतीपत्र मराठीत मागा. घरी नेऊन वाचा, घरच्या डॉक्टरांना दाखवा. सही केल्यावर प्रत स्वतःकडे ठेवा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली, तर 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

चाचणी सुरू झाली की घरात थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन करा. तो नंबर आधीच मागून घ्या. काढा, चूर्ण, मात्रा काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि एक गोष्ट विसरू नका. औषध रुग्णाच्या अंगात जाणार आहे. घरच्यांनी परस्पर ठरवू नका. त्याला सगळं नीट सांगा, आणि त्याला काय हवं ते त्यालाच विचारा.