पिशवी काढण्यापूर्वी आत पाहा

पवनानगरच्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. त्या शहरात सहज मिळणारा वैद्यकीय सल्ला मात्र पवन मावळातील स्त्रीपर्यंत तितक्या सहजतेने येत नाही. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून उभी राहणारी ही स्त्री अंगावरून जास्त जाण्याचा त्रास महिनोन् महिने सोसते. रक्त कमी होऊन चक्कर येऊ लागली, की मग दवाखाना! तोवर ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ हा सल्ला तिच्या कानी पडलेला असतो.

या सल्ल्याची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. खाडा पडला की मजुरी बुडते, आणि पाळी म्हणजे खाडा! रोजगाराचे असे गणित अवयवावर बेतले. मावळ म्हणजे बीड नव्हे. पण अज्ञान आणि घाई यांना जिल्ह्याची सीमा नसते.

वस्तुतः अतिरक्तस्राव हा आजार नसून लक्षण आहे. त्याचे कारण शोधण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे हिस्टेरोस्कोपी, अर्थात गर्भाशयाची दुर्बिणीद्वारे तपासणी. साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गाने गर्भाशयात नेली जाते. पोटावर छेद नाही, टाके नाहीत. सलाइनने पोकळी फुगवून आतील अस्तर पडद्यावर प्रत्यक्ष दिसते. पूर्वापार चालत आलेल्या क्युरेटिंगमध्ये हात आंधळेपणाने फिरतो व छोटा मस्सा निसटू शकतो. येथे डॉक्टर पाहून तुकडा तपासणीस घेतात. मस्सा, पोकळीत वाढलेली गाठ, पडदा वा चिकटलेले अस्तर यांवर बहुधा याच मार्गाने उपचारही होतात. रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते. १८६९ साली पँटालिओनी या वैद्याने अशाच तपासणीत मस्सा शोधून त्यावर उपचार केला होता; म्हणजे ही कल्पना काही कालची नव्हे.

अर्थात, हा रामबाण उपाय नाही. गर्भारपणी वा जंतुसंसर्ग असताना ही तपासणी टाळतात. गर्भाशयास इजा होण्याचा धोका अल्प असला तरी असतो. कर्करोगात किंवा भिंतीत खोल रुजलेल्या मोठ्या गाठींत गर्भाशय काढणे अटळही ठरते. आक्षेप शस्त्रक्रियेवर नाही, निदानाविना होणाऱ्या शस्त्रक्रियेवर आहे. त्यातच तरुण वयात बीजांडकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. पण न्यायालयाचा आदेश घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचविणे हे समाजाचेच काम. तालुक्याच्या रुग्णालयांत ही दुर्बीण व ती हाताळणारे प्रशिक्षित हात असावेत, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे धरली पाहिजे. गावोगावी आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक भगिनीला तीन प्रश्न शिकवावेत : कारण नेमके काय सापडले? औषधांनी वा दुर्बिणीने उपाय होईल का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले का?

घरातील जुने भांडे मोडीत काढतानाही गृहिणी ते उलटसुलट पाहते. मग स्वतःच्या देहातील अवयव न पाहताच का टाकावा?