हे एमबीबीएसला शिकवाच

गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन असलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत जी वागणूक मिळते, तिचा दोष मी एकट्या ज्युनिअर डॉक्टरला देणार नाही. त्याला हे कुणी धड शिकवलेलंच नसतं. एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात असलाच तर एखादा प्रश्न, आणि अभ्यासात व्यसनाचा भाग मुलं सर्रास ऑप्शनला टाकतात.

गर्द मिळेनाशी झाली की नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, पोटात कळा उठतात, अंगावर काटा येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. याला वॉर्डात 'नाटक' म्हणतात. बाहुली ठरवून कशी मोठी करणार? एकेका लक्षणाला गुण देऊन हा त्रास मोजता येतो, त्याला चार-पाच मिनिटं पुरतात. मग योग्य वेळी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की बहुतेकांना तासाभरात उतार पडू लागतो. घामाने निथळणारा तो माणूस शांत होतो, पाणी मागतो, घरच्यांबद्दल बोलायला लागतो. हे ज्या इंटर्नने एकदा जवळून पाहिलं, तो पुढच्या पेशंटला 'गर्दुल्ला' म्हणून बाकावर ताटकळत ठेवणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

नुसती व्याख्यानं मात्र पुरणार नाहीत. अमेरिकेने २०२३ पासून नियंत्रित औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांना व्यसनोपचाराचं आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. ब्युप्रेनॉर्फिनसाठी लागणारी खास परवानगीही काढून टाकली. ते लिहून देणारे डॉक्टर थोडे वाढले, पण ते मिळणारे रुग्ण सुरुवातीला तरी फारसे वाढले नाहीत. कायद्याची अडचण गेली, मनातली राहिली.

एम्सच्या २०१९ च्या अहवालानुसार आपल्या देशात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आहेत. आणि आपल्याला शिकायला लांब जायचं कारण नाही. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेच गर्दच्या लाटेत. व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे नव्या रुग्णांना सांभाळतात. इंटर्नना अशा ठिकाणी पाठवा, आठवडाभर या माणसांच्या हाताखाली काम करू द्या. फायनलच्या प्रॅक्टिकललाही अशी एक केस ठेवा. विद्यार्थी रुग्णाला नावाने हाक मारतो का, सुईच्या जागी झालेलं गळू नीट हात लावून तपासतो का, यालाही गुण द्या.