परिषदेस कोणी जायचे?

साताऱ्यातील पाचगणी आणि सांगली-मिरजेदरम्यानची वानलेसवाडी ही क्षयरोग्यांची जुनी आश्रयस्थाने. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच त्या काळचा उपचार आणि तो रात्रंदिवस सांभाळला परिचारिकांनी. औषधे नियमित घेतल्यास रुग्ण घरीही तितकाच बरा होतो, हे १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने दाखविले. त्यातील ‘नियमित’ या शब्दाचा भार घरोघर जाऊन गोळ्या मोजणाऱ्यांनी वाहिला. २०१९ मध्ये फुप्फुसांच्या आरोग्यावरील पन्नासावी जागतिक परिषद हैदराबादेस, म्हणजे शेजारच्याच राज्यात भरली. अशा परिषदांना परिचारिकेने जावे, यास उघड विरोध कोणी करणार नाही. घोडे अडते ते हिशेबापाशी. प्रवेशशुल्क, प्रवासखर्च, पगारी रजा आणि मुख्य म्हणजे वॉर्डात तिच्या जागी बदली परिचारिका, यांची तरतूद कोणी करायची? डॉक्टरांचा प्रवास ही ज्ञानवृद्धी, तिचा मात्र गैरहजेरी! दम्याचा रुग्ण इन्हेलर चुकीचा ओढतो, हे बहुधा तिच्याच ध्यानी येते. एरवी महागडे औषध घशातच राहते आणि तो पुन्हा रुग्णालयात दाखल होतो. दोन्ही जिल्ह्यांतील शासकीय रुग्णालयांनी दरवर्षी निदान एकेका परिचारिकेचा खर्च बदलीसह मंजूर करावा आणि परतल्यावर वॉर्डातील रीत सुधारण्याचा अधिकारही तिला द्यावा.